ताट वाळलं का

६ जानेवारी २०२५, सोमवार

शुक्रवारी सकाळी रजनी न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. काल गुंजन बाभुळगावहून आली आणि आईला घेऊन गेली. मी म्हणालो, मी आहे ना इथे. त्यावर लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्ही आईची वेणी घालणार का?" मलाही चला म्हणत होती, पण आमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येईल याचा नेम नाही. पाणी भरायला घरात माणूस लागतं.

ही डायरी निवृत्तीच्या वेळी पाटबंधारे कार्यालयातल्या मंडळींनी दिलेली. २०१७ सालची आहे, त्यामुळे वार चुकीचे छापलेत. ते खोडून लिहितो आहे. पस्तीस वर्षं नोंदी ठेवण्यात गेली, एकटं बसलं की हात पेन शोधतो.

गाडीत बसता बसता रजनीनं सांगितलं, "डबा लावा, खिचडी करा, काय करायचं ते करा. पण ओटा खरकटा ठेवायचा नाही. आणि खिडकीजवळच्या पांढऱ्या दगडावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

ओटा म्हणजे काय, फडकं मारायचं. त्यात काय एवढं.

७ जानेवारी, मंगळवार

आज ओट्याचा पंचनामा केला आणि चकितच झालो. सत्तावीस वर्षं या ओट्याकडे पाठ करून जेवलो. मला वाटायचं तो एकच आहे. ते चार-पाच जिन्नस निघाले.

भांडी घासायच्या बाजूला काळा कडप्पा. मधोमध गॅसखाली ग्रॅनाइट. सिंक स्टीलचं. भाजी चिरायला भिंतीशी उभी केलेली सागवानी फळी. आणि खिडकीखाली अडीच फूट लांब, दीड फूट रुंद तो पांढरट-राखी दगड, रजनीच्या माहेरचा.

फोन लावला. म्हटलं, सगळ्यांना एकच साबण चालेल ना? ती इतकी हसली की गुंजन मागून विचारायला लागली, काय झालं म्हणून.

मग तिनं सांगितलं आणि मी जुन्या सवयीनं उतरवून घेतलं. ग्रॅनाइट सोसणारा आहे, पण त्यावर सांडलेली हळद-तेल तसंच ठेवलं तर तोही पितो. कडप्प्याला महिन्यातून एकदा जवसाचं तेल, अगदी चमचाभर, आणि लगेच पुसून काढायचं, नाहीतर धूळ धरतो. स्टीलला तारेची घासणी लावायची नाही. त्याच्या रेघा ज्या दिशेनं आहेत त्याच दिशेनं हात चालवायचा. (रेघा आहेत. भिंग घेऊन पाहिल्या.) फळी पाण्यात बुडवायची नाही, धुतली की उभी करायची.

"आणि पांढरा दगड?"

"त्याला नुसतं पाणी. ओल्या फडक्यानं पुसायचा आणि आपला आपण वाळू द्यायचा. कोरडं फडकं मारायचं नाही."

"का?"

"दोन-तीन मिनिटं लागतात वाळायला. तेवढीही घाई आहे का तुम्हाला?"

कारण काही सांगितलं नाही. लिहिता लिहिता आठवलं की तिची एक जुनी शिस्त आहे. दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला की ती म्हणते, "ओटा वाळेपर्यंत मला हाक मारायची नाही." आणि उगाच खिडकीशी उभी राहते. कधी विचारलं नाही. मी तोवर आडवा झालेला असतो.

१० जानेवारी, शुक्रवार

पद्धतीत सुधारणा केली. उजव्या हातात ओलं फडकं, डाव्यात कोरडं. एक पुढे, एक त्याच्या मागोमाग. पांढरा दगडही त्याच झपाट्यात निघतो. तीन मिनिटं वाचतात. चष्मासुद्धा लागत नाही.

कडप्प्याला जवसाचं तेल लावलं. तो असा काळाभोर झाला की त्यात खिडकीचे गज दिसायला लागले. मी कितीतरी वेळ बघत बसलो. हा दगड इतकी वर्षं माझ्या घरात होता!

१५ जानेवारी, बुधवार

चूक झाली आहे. सविस्तर लिहितो.

दुपारी पोहे केले. लिंबू कापलं, पिळलं, आणि दोन्ही फोडी खिडकीजवळ पालथ्या ठेवल्या. पांढऱ्या दगडावर. मग नेहमीप्रमाणे आडवा झालो. उठून फोडी उचलल्या तर खाली दोन वाटोळे ठसे. डोळ्यात पाणी साचल्यावर दिसतं तसे धुरकट. पुसले, जाईनात.

आमच्या आईच्या हातची तांब्या-पितळेची भांडी आठवली. चिंच लावली की लखलखायची. डब्यातली चिंच भिजवली, दगडावर थापली, अर्धा तास ठेवली. धुतल्यावर दोन ठशांच्या जागी ताटलीएवढा एकच मोठा ठसा.

रजनीचा फोन आला होता. सगळं ठीक आहे म्हणालो.

१६ जानेवारी, गुरुवार

आज बाथरूम धुवायचं ॲसिड आणलं. ज्यानं फरशीवरचे हट्टी डाग जातात ते दगडावरून का जाणार नाहीत, असा हिशेब.

बाटलीतून धार सोडली आणि दगड उकळला. दुसरा शब्द नाही. थंडगार दगडातून फसफस बुडबुडे आले, पांढरा फेस, उग्र वास. मी बाटली टाकून दोन पावलं मागे सरलो. भीती वाटली, पण खरं सांगायचं तर डोळे हलेनात. दगडात इतकं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

मग भानावर येऊन तांब्यानं पाणी ओतलं. फेस गेला. खाली जेवायच्या ताटाएवढी जागा खडबडीत, खडूसारखी पांढरी. बोट फिरवलं तर भुकटी लागली.

ती आता पाहील तेव्हा?

१७ जानेवारी, शुक्रवार

रजनीनं व्हिडिओ कॉल केला. "ओटा दाखवा," म्हणाली. तयारी होतीच. त्या जागेवर स्टीलचं मोठं ताट पालथं घालून ठेवलं होतं, अगदी बरोबर बसतं. फोन फिरवून सगळं दाखवलं. ग्रॅनाइट पाहून "वा" म्हणाली, कडप्पा पाहून "अरे वा" म्हणाली.

"ते ताट तिथे का?"

"धुतलंय. वाळायला ठेवलंय."

"बरं," ती म्हणाली. "वाळलं की उचला."

वेळ निभावली.

१९ जानेवारी, रविवार

नळ काल येऊन गेला, म्हणून आज बाभुळगावला गेलो. रजनी डाव्या हातानं चमच्यानं जेवते. गुंजननं केसांच्या दोन वेण्या घातल्यात, शाळेतल्या मुलीसारख्या. पाहून हसू आलं, मग नाही आलं.

कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. सुरुवात कशी करावी म्हणून विचारलं, "तो दगड तुमच्याकडे आला कुठून?"

ती खूश झाली. तिचे वडील जंगल खात्यात, बदली झरी जामणीकडे. क्वार्टरमागे विहीर खणत होते तेव्हा चौथ्या पुरुसावर, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढ्या खोल, हा पाटासारखा सपाट दगड सरळ निघाला. खणणारे कोलाम गडी तो फोडायला निघाले होते. तिची आई, इंदूबाई, धावत गेली आणि दगडावर जाऊन बसली. "फोडाल तं मले फोडा आधी." पुढे आयुष्यभर त्यावर भाकरी थापल्या. अठ्ठ्याण्णव साली घर विकलं तेव्हा रजनीनं फक्त तो दगड मागितला. मी कुरकुर केली होती, दगडासाठी कोणी जीप करतं का म्हणून. ते तिला शब्दन् शब्द आठवतं.

"आईचा धड फोटोसुद्धा नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "तेवढं एक आहे."

कबुली राहिली. चहा पिऊन निघालो. दारात तिनं विचारलं, "ताट वाळलं का?"

"अजून थोडं ओलसर आहे," मी म्हणालो. दोन दिवस झाले होते. माझं मलाच पटलं नाही. तिला पटलं असावं.

२४ जानेवारी, शुक्रवार

खाण्याच्या सोड्याचा लेप लावून पाहिला. कुठेतरी वाचलं होतं की दगडात मुरलेलं तेल त्यानं ओढून निघतं. निघत असेल. इथे तेल नाही.

रजनी रोज फोनवर हातातल्या कळा सांगते, गुंजनच्या घरातलं सांगते, आणि शेवटी विचारते, "ताट वाळलं का?" वय झालं की एकाच गोष्टीवर मन अडकतं म्हणतात. मी रोज नवं कारण देतो. ढगाळ आहे. खिडकी बंद होती. परत धुतलं.

२७ जानेवारी, सोमवार

शेजारच्या नव्या घरात फरशी घासायचं मशीन सुरू आहे. तिथे बोरी अरबकडच्या तांड्यावरचं जोडपं काम करतं, किसनसिंग आणि मैनाबाई. तो मशीन चालवतो, आणि मशीन जिथे पोचत नाही ते कोपरे ती हातानं घासते. दोन दिवस कुंपणावरून पाहत होतो. आज दुपारी त्यांच्या जेवणाच्या वेळी धीर करून तिला बोलावलं.

ताट उचललं. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काकाजी, हे तुमी काय करून ठेवलं?"

"डाग पडलाय. निघेल का?"

"डाग नोहे हा, खड्डा हाये. डाग निघते. खड्डा कसा काढान?" तिनं बोट फिरवून नाकाशी नेलं. "ॲसिड टाकलं ना? खरं सांगा."

"थोडंसं."

"चुन्याचा दगड हाये हा. याले आंबट चालतच नाही. लिंबू नाही, चिंच नाही, ताकसुद्धा नाही. आन तुमी सरळ ॲसिड पाजलं! कायले?"

या प्रश्नाला मी लिंबापासून चिंचेपर्यंत सगळा क्रम सांगितला. ती तोंडाला पदर लावून हसली. "बराबर. एक लपवाले दुसरं, दुसरं लपवाले तिसरं. आन मंग वरून ताट!"

मग तिनं दगड ठोकून पाहिला, कान लावून ऐकला. खिडकीकडच्या कडेला केसाएवढी रेघ आहे, ती दाखवली. म्हणाली, सगळाच दगड त्या खड्ड्याएवढा खाली घासावा लागेल, जाड घासणीपासून बारीक घासणीपर्यंत, नुसत्या पाण्यावर, हातानं. मशीन लावलं तर त्या रेघेतून दोन तुकडे होतील. हातानंही होणार नाहीत असं नाही.

"कधी सुरू करता?"

"दगड कोनाचा हाये?"

"बायकोचा. तिच्या आईचा."

"तं काकूले इचारा. बाईच्या ओट्याले तिले इचारल्याबिगर मी हात नाही लावत. उद्या तुकडे झाले तं कोन सांगन? तुमी सांगान?"

२८ जानेवारी, मंगळवार

फार विचार करून वाक्य बेतलं आणि फोन केला. "शेजारी घासाईवाली बाई आली आहे. सहज म्हटलं, तुझा तो दगडही जरा घासून घ्यावा का? जुना झालाय. पण भेग आहे, धोका आहे म्हणते."

रजनीनं बाकी काही विचारलं नाही.

"ती आहे का तिथे? तिला द्या."

मैनाबाई फोन घेऊन अंगणात पार जांभाच्या झाडापर्यंत गेली. दहा मिनिटं तरी बोलल्या. मधे ती वाकून वाकून हसत होती, नंतर मात्र गप्प उभी राहून ऐकत होती आणि मान हलवत होती. परत आली तेव्हा माझ्याकडे जरा निराळंच पाहिलं.

"काय म्हणाली?"

"घासा म्हनली. तुटला तं तुटला म्हनली. पन काकाजीले पानी ओताले बसवा म्हनली."

ताटाचा विषय निघाला नसावा. निघाला असता तर रजनीनं मला फोनवर घेतलंच असतं.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी आठपासून दोनपर्यंत. मैनाबाई ओट्यावर मांडी घालून बसली, दोन्ही हातांत घासणीचा दगड, आणि मी शेजारी स्टुलावर तांब्या घेऊन. ती गोल गोल हात फिरवते, राखाडी चिखल होतो, मी पाणी ओततो, चिखल वाहून जातो. पुन्हा.

भेगेपाशी आली की ती श्वास धरते. मीही धरतो. एकदा कट्ट असा बारीक आवाज आला आणि दोघंही थिजलो. ती खाली वाकली, बोटानं चाचपलं. "नाही गेला," म्हणाली. मी पुन्हा तांब्या भरला.

बाराच्या सुमाराला मी पाणी ओतलं, चिखल गेला आणि खाली एक वर्तुळ दिसलं.

वाटलं, तांब्याच्या बुडाचा ठसा असेल. चष्मा लावला. एक नाही, वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक. कांदा आडवा कापला की दिसतात तशी, पण हाताच्या पंज्याएवढी. करडी, मग दुधी, मग फिकट गुलाबी. शेजारी दुसरं, थोडं लहान. कडेपाशी तिसरं अर्धंच, उरलेलं अर्धं विहिरीतच राहिलं असणार.

मी म्हणालो, "मैनाबाई, हे काय निघालं?"

"निघालं नाही, होतंच. झरीकडच्या दगडात दिसते कधी कधी. माही याडी म्हने, पानी जिथं लई वरसं राह्यते तिथं ते आपलं नाव लिहून जाते." याडी म्हणजे तिची आई. तिनंही आयुष्यभर दगडच घासले.

मग काम थोडा वेळ तसंच राहिलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ बघत बसलो. किसनसिंग तिला शोधत आला, तोही बघत उभा राहिला.

३१ जानेवारी, शुक्रवार

काल संध्याकाळी दगड वाळला आणि वर्तुळं गेली! नुसता राखी, मुका दगड. सकाळी मैनाबाई आल्या आल्या सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"ओला असला का दिसते, वाळला का जाते. बारीक घासणी मारली तं कोरड्यातबी दिसन. मारू ना?" मी उत्तर देण्याआधी तीच म्हणाली, "काकूनं मारा म्हनून सांगतलं हाये."

रजनीला घासणीतलं काय कळतं, कोण जाणे. मी हो म्हणालो.

दुपारपर्यंत सहा घासण्या झाल्या, शेवटची तर रेशमासारखी. पोत्याच्या तुकड्यानं पुसलं. ॲसिडचा खड्डा कुठे होता ते मलाच सापडेना. वर्तुळं कोरड्या दगडावरही दिसत आहेत, फिकी, पण आहेत. भेग धरून आहे.

मैनाबाई जाताना दगडाला हात लावून पाया पडली. तिचं पाहून मीही पडलो. घरात दुसरं कोणी नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

गुंजन शाळेत विज्ञान शिकवते. तिला फोटो पाठवला, खाली लिहिलं, आईला दाखवू नकोस. तिनं लगेच फोन केला. आवाज चढलेला.

"बाबा, चुनखडी समुद्राच्या तळाशी तयार होते. आणि हे थर शेवाळासारख्या अगदी बारीक जीवांचे असू शकतात. थरावर थर चढत जातात. नक्की काय ते जाणकारच सांगतील, पण तसं असेल तर हे फार, फार जुनं आहे. जमिनीवर झाड नव्हतं तेव्हाचं."

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. झरी जामणीच्या जंगलात समुद्र. त्याच्या तळाशी कोणीतरी, नाव नसलेलं, उजेडासाठी वर वर चढत होतं. मग तो समुद्र गेला, दगड झाला, जंगल आलं, आणि एका बाईनं त्यावर बसून म्हटलं, मले फोडा आधी. त्यावर भाकरी थापल्या गेल्या. आणि मी लिंबू ठेवलं.

दगडावर हात ठेवायचं धाडस होईना. आज खिचडी केली नाही. डब्यातलंच जेवलो, तेही बाहेरच्या खोलीत.

रजनीनं विचारलं, "ताट वाळलं का?"

"वाळत आलंय," मी म्हणालो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल प्लास्टर निघालं. आज अकरा वाजता गुंजन तिला सोडून गेली.

ओटा सकाळपासून दोनदा पुसला होता. कडप्पा, ग्रॅनाइट, सिंक, सगळं जागच्या जागी. आणि वेळेवर धीर सुटला म्हणून पांढऱ्या दगडावर परत ताट पालथं घातलं. आता झाकण्यासारखं काही नव्हतं तरी.

ती चप्पल काढून थेट आत गेली. डाव्या हातानं ताट उचललं आणि भिंतीशी ठेवलं. मग उजव्या हाताची बोटं, अजून नीट वळत नाहीत ती, मोठ्या वर्तुळावरून हळूहळू फिरवली.

"दिसतात की कोरड्यातही. चांगलं घासलं हो तिनं."

मी उभाच. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"काय, ॲसिड का हे?"

"हे."

"लहानपणापासून. ओला असेपर्यंत दिसतं, मग जातं. आई म्हणायची, भाकरी थापायच्या आधी पाहून घे. सत्तावीस वर्षं रोज दुपारी पाहते."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही झोपलेले असायचे," ती म्हणाली. रागानं नाही.

ॲसिडचं कसं कळलं, ते विचारणार होतो. नंतर विचारू म्हटलं. मैनाबाईनं सांगितलं असावं.

मग तिनं विचारलं, "काय हो, मी नसताना कोरडं फडकं मारलंत ना त्याच्यावर?" मी सुधारित पद्धत सांगितली, उजवा हात, डावा हात. ती खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाणी बराच वेळ येत होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिच्या मनगटात अजून जोर नाही, पिळता येत नाही. महिनाभर तरी ओटा माझ्याकडे.

जेवणं झाली. ग्रॅनाइट, कडप्पा, सिंक. फळी उभी केली. शेवटी पांढरा दगड, नुसत्या पाण्यानं, एकाच फडक्यानं. वर्तुळं एकदम वर आली. कोरड्यात दिसतात त्याच्या चौपट, गुलाबी रेघसुद्धा. घासाई झाल्यापासून मी तो ओला केला नव्हता. खिडकीतून ऊन त्यावर येत होतं. कडेकडून पाणी आटत मधे यायला लागलं.

रजनी पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. दुपारी ती आडवी झालेली मी कधी पाहिलेली नाही.

"वाळलं का हो?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

दगड केव्हाच वाळला होता.